सुभेदारांची बाज अंगणात

तारीख ३० सप्टेंबर, भाडं महिना सहाशे रुपये, हजर माणसं तीन: मी, माझी पत्नी आणि सुभेदार. लातुरात ही भूकंपाची तारीख कुणी शुभकामाला धरत नाही, भाड्याने खोली घ्यायलाही नाही. ते मात्र नेमके त्या दिवशी आले. का, ते मला फार पुढे कळलं.

त्या वेळी माझ्या घराचा वरचा मजला नुकताच झाला होता. चार खोल्या, प्रत्येकीत तीन मुलं, सगळी बाहेरगावची, सगळी क्लासेससाठी आलेली. आमच्या गल्लीत तेव्हा जो तो घरावर मजला चढवत होता. भूकंपानंतर ज्यांनी आयुष्यात स्लॅब टाकणार नाही अशा शपथा घेतल्या होत्या, त्यांनीही दोन-दोन मजले चढवले. मी पाटबंधारे खात्यात लेखा शाखेत होतो. कर्जाचा हप्ता आणि बारा मुलांचं भाडं यांचा मेळ मी आधी कागदावर घातला आणि मगच वाळू मागवली.

सुभेदारांना वरची कोपऱ्यातली, एकट्यापुरती उरलेली लहान खोली दाखवायला निघालो, तर ते जिन्यापाशीच थांबले. मान वर करून स्लॅब पाहिला, भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीकडे हात केला.

"ती द्या."

"तिथं माझी स्कूटर असते, सुभेदार."

"स्कूटरला पक्क्यात ठेवा. माझं पत्र्याखाली भागतंय."

पत्नी म्हणाली, "उन्हाळ्यात भट्टी होते हो तिची, भाऊजी."

"उन्हाळ्यात आत कोण जातंय, वहिनी?"

हे खरं निघालं. पत्र्याच्या खोलीत त्यांची ट्रंक राहिली आणि ते स्वतः बाहेर, अंगणात, बाजेवर. पाऊस आला की बाज दाराशी सरकायची. तेव्हाही पाय आत, डोकं बाहेर.

सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातले. फौजेत रग्बी शिकले, फौजेकडून खेळले, मग देशाकडून खेळले, आणि खेळणं थांबल्यावर काही काळ देशाच्या संघाचे प्रशिक्षक होते. हे सगळं मी एका वाक्यात लिहिलं, कारण तेही एका वाक्याच्या वर सांगत नसत. देशाचा कोट ट्रंकेत तळाशी होता. तो एकदाच बाहेर निघाला, कसर लागली का ते बघायला.

रग्बी म्हणजे काय, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. लांबोळका चेंडू काखेत धरून पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, बाजूच्याला किंवा मागच्यालाच द्यायचा. पडलं की चेंडू लगेच सोडायचा, धरून बसलं की चूक. हे नियम त्यांच्या अंगात इतके मुरले होते की पेपर मागितला तरी ते अंग वळवून कमरेजवळून द्यायचे. पंगतीत भाकरीचं टोपलं समोरच्याला कधी पोचलं नाही. माझी पत्नी वाटी पुढे करून उभी असायची आणि हे मागे कोण आहे ते बघायचे.

"भाऊजी, मी इकडं आहे."

"हाव वहिनी, पण तुम्ही म्होरं आहात."

दुसऱ्याच्या घरी गेले तर आधी चौकट बघायचे, मग माणसं. लग्नात मंडपाच्या कडेला उभ्यानेच जेवायचे. बँकेची पायरी कधी चढले नाहीत. पेन्शनची कामं मी करायचो आणि ते रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभे राहून बँकेच्या इमारतीवर नजर ठेवायचे, जणू ती काही करेल. सही लागली की मीच कागद बाहेर न्यायचो.

आल्यानंतर महिन्याभरात त्यांनी माझ्या फाटकाला एक पाटी बांधली: "रग्बी कोच. मोफत." दुसऱ्याच दिवशी एक पालक बॅगेसकट हजर.

"कोणता विषय घेता, सर?"

"पडायचं कसं, त्यो."

पालकाने माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहिलं.

"परीक्षेला येतं का हे?"

"परीक्षा झाल्यावर लई कामाला येतं," सुभेदार म्हणाले.

पण ते थट्टा करत नव्हते. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर ते पोरांना खरोखरच महिनाभर नुसतं पडायला शिकवायचे. खांद्यावर पड, हनुवटी छातीला लाव, मान सांभाळ. चेंडू त्यांच्या काखेतून सुटायचासुद्धा नाही. गल्लीतली रिकामी मंडळी कट्ट्यावरून ओरडायची, "सुभेदार, पपई कितीला दिली?" ते तिकडे बघायचे नाहीत. "मान," एवढंच म्हणायचे, "मान गेली की माणूस गेला."

आमच्या वरच्या पोरांनाही त्याचा प्रसाद मिळायचा. सराव परीक्षेत मार्क पडले की एखादा पोरगा जिन्यात तोंड पाडून बसायचा. सुभेदार खालून हाक मारायचे, "पडलास नव्हं? मग चेंडू सोड अन् ऊठ. धरून बसशील तर शिट्टी वाजंल." पोरं हसायची आणि उठायची. त्या काळात आमच्याकडचं एकही पोर अर्धवट सोडून गावी गेलं नाही. याचं श्रेय मी स्वतःला घेत नाही.

देशाच्या संघाचं काम कसं सुटलं, हे मी त्यांना एकदाच विचारलं. बाजेची सुतळी आवळता आवळता त्यांनी सांगितलं.

संघ परदेशात गेला होता. हॉटेल नऊ मजली. सामन्याच्या आदल्या दुपारी जेवताना बारीक धक्का बसून ताटं वाजली. सुभेदारांनी सगळ्या संघाला उष्ट्या हाताने खाली आणलं.

"हाटेलवाला म्हणाला, इथं हे रोजचंच हाय, बिल्डिंग त्याच हिशोबानं बांधलीय, वर जा. म्यानेजर म्हणाला, वर जा. पोरं म्हणाली, सर, वर जाऊ. म्या म्हणलं, न्हाई."

"मग?"

"मग काय. बशीत अन् गवतावर झोपवली पोरं. सकाळी एकाची पाठ धरलेली, दुसऱ्याचा गुडघा. साठाच्या वर गुण खाल्ले आम्ही. परत आल्यावर मला हाटेलचं बिल दाखवलं. म्हणे, वापरलं न्हाई तरी भरावं लागलं. अन् आभाराचं पत्र दिलं."

"हॉटेल पडलं का?"

"न्हाई. अजून उभं असंल." त्यांनी गाठ मारली. "छप्पर पडलं न्हाई की भाईर काढणारा येडा ठरतो, साहेब. त्येला इलाज न्हाई."

मी हसलो होतो. चांगला किस्सा म्हणून मी तो ऑफिसात सांगितला, गल्लीत सांगितला, आणि पुढे तो प्लॉटवरही पोचला.

मग अशी बातमी आली की या खेळात राज्यात नंबर आला तर परीक्षेत क्रीडा गुण मिळतात, नोकरीत खेळाडूंच्या जागा असतात, आणि रग्बी खेळणारे जिल्हे थोडे असल्याने नंबर लवकर येतो. क्लासेसच्या गावात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. प्लॉटवर एकदम गर्दी झाली. सुभेदार इतके खूश झाले की त्यांनी दोनदा दाढी केली. महिनाभर पडायचं आहे म्हटल्यावर गर्दी ओसरली आणि शेवटी सात मुली उरल्या. मुलगा एकही नाही.

त्या सातजणींची कप्तान शारदा. मुखेडची, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, लातुरात मावशीकडे राहून शिकत होती. बुटकी, रुंद, आणि धरली की न सुटणारी. तिला पोलिसात जायचं होतं. उंची जेमतेम बसत होती, गुण कमी पडत होते, खेळाडूंच्या जागेतून झालं तरच होणार होतं. हे तिने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं.

"सर, मला सर्टिफिकेट पायजे. पण मी पडायला तयार हाय."

"मग लाग पडायला," सुभेदार म्हणाले.

राज्य स्पर्धा नांदेडला होती. त्यासाठी जिल्ह्याची संघटना लागते. एका मोठ्या क्लासचे मालक अध्यक्ष झाले, सुभेदारांच्या शेजाराने मी खजिनदार झालो आणि मुलींबरोबर बाई माणूस हवं म्हणून माझी पत्नी व्यवस्थापक झाली. अध्यक्षांनी कपडे दिले, बूट दिले, गाडी दिली, आणि बारा नावांची यादी दिली. सात आपल्या, आणि बदली खेळाडू म्हणून पाच नवीन. एक त्यांची पुतणी, बाकीच्या क्लासच्या हुशार मुली. पाचजणींनी प्लॉट पाहिलेलाही नव्हता.

सुभेदारांनी नवीन पाच नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाकड्यावर बसतील. मैदानात न्हाई."

"बाकड्यावर बसल्या तरी सर्टिफिकेट मिळतंच की, सुभेदार," अध्यक्ष हसून म्हणाले. "तुमचंबी काम होतंय, आमचंबी."

गाडी नसती तर जाणंच झालं नसतं. सुभेदार हो म्हणाले. त्यांच्या तोंडून तसलं हो मी तेवढं एकदाच ऐकलं.

नांदेडला एका शाळेत उतरण्याची सोय होती, पहिल्या मजल्यावरच्या वर्गात गाद्या टाकून. सुभेदारांनी सगळ्या गाद्या खाली व्हरांड्यात आणवल्या. मुली कुरकुरल्या. "काकू, आपण टीम आहोत का वऱ्हाड?" शारदा माझ्या पत्नीला म्हणाली आणि दोन गाद्या एकदम डोक्यावर घेऊन जिना उतरली.

पहिले दोन सामने जिंकले. तिसरा जिंकला की पहिल्या चारांत, म्हणजे सर्टिफिकेट. मला खेळातलं फार कळत नाही, पण गुण मोजता येतात. दहा-पाच असे आम्ही पुढे होतो आणि थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात एकीचा खांदा निखळला. तिला बाहेर आणेपर्यंत दुसरीचा घोटा मुरगळला, तिसरीच्या नाकातून रक्त थांबेना. पंचांनी सुभेदारांना बोलावून सांगितलं, बदली मुली उतरवा, नाहीतर सामना सोडा.

पाचजणी नव्या कपड्यांत बाकावर बसलेल्या. त्यातली अध्यक्षांची पुतणी स्वतःहून उभी राहिली. धीट मुलगी होती.

"सर, मी जाते."

"पडता येतं का तुला?"

तिने वाकून बुटाची नाडी आवळली.

"मी इचारलं, पडता येतं का?"

"नाही, सर. पण मी चेंडूजवळ जाणारच नाही. नुसती उभी राहते."

"समोरच्या पोरींना ते कोण सांगणार?" सुभेदार म्हणाले. "बस खाली."

शारदा मैदानातून ओरडत आली. "सर, नुसत्या उभ्या ऱ्हाऊ द्या त्यांना! मी बघते, चौघी बघतो आम्ही! थोडंच ऱ्हायलंय, सर!"

माझी पत्नी माझ्या कानाशी म्हणाली, "उभ्या राहिल्या तर काय होतंय हो?" मी फळ्यावरचे गुण पुन्हा मोजले. इतर संघ बघत होते. पंच घड्याळ बघत होते. सुभेदारांनी त्या पाच मुलींच्या मानांकडे एकेक करून पाहिलं. मग पंचांजवळ जाऊन हात जोडले आणि आपल्या मुलींना हाक मारली.

"चला. भाईर चला."

येताना लोह्याजवळ चहाला थांबलो तेव्हा शारदा खाली उतरली नाही.

चार दिवसांनी ती आमच्या फाटकातून आत आली. सुभेदार बाजेवर बसून कांदा फोडत होते. तिने चप्पलही काढली नाही.

"काय पडलं व्हतं, सर? सांगा. कोणतं छप्पर पडलं व्हतं?"

"पडू शकलं असतं, पोरी."

"तुम्हाला सगळीकडंच पडतंय! हाटेल पडतंय, शाळा पडतीय, आता माणसंबी पडतेत. अहो, तुम्हीच शिकवलं न्हवं, पडलं की चेंडू सोडायचा? तुम्ही सोडला का कधी? काय धरून बसलात काय माहीत, अन् शिट्टी आमच्यावर वाजली."

सुभेदारांच्या हातातला कांदा तसाच राहिला.

"तुझं बरोबर हाय," ते म्हणाले.

"बरोबर असून काय करू?" ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी कधी बोलली नाही. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राहिली, मग वय निघून गेलं.

अध्यक्षांनी दुसरा प्रशिक्षक आणला. तो कुणाला पडायला लावत नव्हता. यादीतल्या मुलींचं पुढच्या वर्षी काम झालं असं ऐकलं. घरामागच्या प्लॉटवर वसतिगृहाचा पाया खणला गेला. सुभेदारांनी फाटकावरची पाटी स्वतःच सोडली आणि तिच्या तारेने बाजेचा पाय बांधला.

त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला मी ऑफिसातून आलो तर ते उपाशी बसले होते. दरवर्षीच बसायचे. घरचे गेले असतील, एवढं मी धरून चाललो होतो. त्या भागात कुणाला जास्त विचारायचं नसतं. त्या दिवशी त्यांनी न विचारता सांगितलं.

भूकंपाच्या आदल्या वर्षी त्यांच्या गावाला बारीक धक्के बसत होते. जमिनीतून गडगड आवाज यायचा. लोक घाबरून अंगणात, शेतात झोपायला लागले. थंडीत सुभेदार सुट्टीवर आले. फौजेच्या संघातला गडी, छाती ही एवढी. घरी बघतात तर म्हातारी आई, भाऊ, भावजय आणि तान्हं पोर थंडीत अंगणात झोपलेले.

"मी हसलो त्यांना. म्हणलं, फौजीचं घर अन् असं भित्रं? लोक काय म्हणतील? थंडीनं मराल, चला आत. भाऊ म्हणाला, दादा, ऱ्हाऊ दे अजून थोडे दिवस. म्या ऐकलं न्हाई. चारी बाजा म्याच उचलून आत नेल्या, साहेब. ह्या हातानं. दगडमातीचं घर. भिंत ही एवढी रुंद. म्या त्या भिंतीवर थापटी मारून दाखवली त्यास्नी."

पुढच्या सप्टेंबरात ते पुण्याजवळ खेळाच्या शिबिरात होते. गावी पोचले तेव्हा बैल तेवढे जिवंत होते. बैल बाहेर बांधलेले होते.

माझ्याकडे ते नेमके त्या तारखेला अंगण शोधत का आले होते, तेही मला तेव्हाच कळलं. मी हिशेबी माणूस आहे. मला जे सुचलं ते बोललो. "अहो, मध्ये दहा महिने गेले. सगळं गावच आत झोपायला लागलं असणार. तुम्ही नेल्या नसत्या तरी बाजा आत गेल्याच असत्या."

"हिशोब बरोबर हाय तुमचा," सुभेदार म्हणाले. "पण नेल्या म्या."

थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्या पाच पोरी बाकड्यावर बशिवल्या, तेबी म्याच. तवाच न्हाई म्हणायला पायजे व्हतं. शारदीचं वाटुळं तिथं झालं, मैदानात न्हाई."

त्यानंतर ते आमच्या अंगणात बरीच वर्षं राहिले. भाडं मी वाढवलं नाही, त्यांनी कधी थकवलं नाही. पंगतीत टोपलं मागेच जायचं. वरची पोरं बदलत राहिली, पण "चेंडू सोड" हे सुभेदारांनी पुन्हा कुणाला म्हटलं नाही. पोरगं जिन्यात बसलेलं दिसलं की नुसते शेजारी जाऊन उभे राहायचे. जिन्याखाली मात्र कधी नाही, दोन पावलं अलीकडे, उघड्यावर.

एका थंडीत ते बाजेवरच गेले. सकाळी पत्नी चहा घेऊन गेली तेव्हा पांघरूण नीट घेतलेलं होतं. शारदाला मी फोन केला. वडिलांचं दुकान आता तीच बघते. ग्रीस लागलेल्या हातानेच निघाली असावी, नखं काळी होती. ती बराच वेळ त्या रिकाम्या बाजेपाशी उभी होती.

"काका, त्या दिवशी त्या पोरी उतरल्या असत्या तर खरंच काही झालं असतं का हो?"

"कळायला मार्ग नाही, शारदा."

"तेच तर," ती म्हणाली. "कळलं असतं तर मी बोलले असते त्यांच्याशी."

बाज तिने मागितली. मुखेडच्या एसटीवर ती कशी चढवली, ते कंडक्टरला माहीत.

आता शेवटचं. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्याकडे धक्का जाणवला. भांडी वाजली, पंखा हलला, संपलं. वरची बाराही पोरं धडधडत खाली आली. पंधरा मिनिटं गेली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती. एकजण म्हणाला, "काका, आम्ही वर जाऊ का?"

वर जा, एवढंच म्हणायचं होतं. स्लॅब मी स्वतः उभं राहून टाकून घेतलेला आहे, सळई किती आणि सिमेंट किती ते मला तोंडपाठ आहे. पण ते दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. पत्नीने माझ्याकडे पाहिलं आणि स्टोव्ह अंगणात आणला. पोरांच्या गाद्या तिने खाली आणवल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बारा पोरं, पुस्तकांसकट, आमच्या अंगणात राहिली. मधे भुरभुर आली तेव्हा पुस्तकं पत्र्याच्या खोलीत गेली.

पालकांचे फोन आले. अभ्यास बुडाला, पोराला सर्दी झाली, एवढं भाडं कशाचं घेता. दोघांचे वडील तर गाडी घेऊनच आले आणि पोरांचं सामान भरलं. मी दोघांनाही अनामत पूर्ण परत दिली, प्रत्येकी पाच हजार, महिना अर्धा झाला होता तरी काही कापून घेतलं नाही. दुसऱ्याने नोटा खिशात घालत घराकडे वर पाहिलं आणि विचारलं, "पण काका, पडलं काय?"

"काही नाही पडलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली.